आधीच्या पट्टीतील आकडा पुढच्या पट्टीत: रिक्वेस्ट संपल्यावरही मूल्य धरून ठेवणाऱ्या वेब स्क्रिप्टची तपासणी

समजा, परभणीच्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी आपण पट्टी तयार करणारी छोटी वेब स्क्रिप्ट लिहिली आहे. मुनीम ब्राउझरमधील फॉर्मवर शेतकऱ्याचे नाव, मालाचे वजन, सौद्यात ठरलेला दर, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल भरतो आणि स्क्रिप्ट देय रक्कम काढून पट्टी छापायला देते. सोपेपणासाठी हमाली आणि तोलाई बाजूला ठेवू. पहिल्या शेतकऱ्याचे १२ क्विंटल सोयाबीन ४,२०० रुपये दराने गेले, त्याचे ५०,४०० रुपये झाले आणि त्यातून ५,००० रुपयांची उचल वजा झाली. दुसऱ्याचे ८ क्विंटल त्याच दराने गेले, त्याचे ३३,६०० रुपये झाले. त्याने उचल घेतलेली नाही, म्हणून मुनीमाने तो रकाना रिकामा ठेवला. तरीही पट्टीवर ५,००० रुपये वजा होऊन २८,६०० रुपये छापून आले.

स्क्रिप्टने बेरीज-वजाबाकी चुकवलेली नाही. पहिल्या रिक्वेस्टमध्ये (म्हणजे फॉर्म भरल्यावर ब्राउझरने सर्व्हरकडे पाठवलेल्या मागणीत) आलेले मूल्य तिने दुसऱ्या रिक्वेस्टसाठी तसेच वापरले, एवढेच घडले. नव्याने वेब प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना हा दोष फार गोंधळात टाकतो, कारण कोड कितीही वेळा वाचला तरी तो बरोबरच वाटतो, स्वतःच्या यंत्रावर चालवला तर बहुधा बरोबर चालतो आणि दुकानात मात्र दिवसातून दोनचार वेळा चुकतो. अशा वेळी कोडमध्ये इकडेतिकडे बदल करून पाहण्याचा मोह आवरावा. चुकीचे मूल्य दोन रिक्वेस्टच्या मधल्या काळात नेमके कोठे राहिले, हे आधी ठरवावे. ते ब्राउझरमध्ये, सेशनमध्ये (एका वापरकर्त्यासाठी सर्व्हरने जपलेल्या माहितीत), सर्व्हरवरील प्रोसेसच्या म्हणजे चालू प्रोग्रामच्या मेमरीत, डेटाबेसच्या जोडणीत किंवा मधल्या एखाद्या कॅशमध्ये (जुनी उत्तरे साठवणाऱ्या जागेत) राहिलेले असू शकते. ही जागा कळली की दुरुस्ती बहुतेक वेळा दोनचार ओळींची असते. पुढील सर्व पायऱ्या ती जागा शोधण्यासाठीच आहेत आणि त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये.

पहिली पायरी: लक्षण नेमक्या शब्दांत लिहून घ्या

“कधीकधी चुकीचे दिसते” हे वर्णन पुरेसे नाही. मुनीमाजवळ बसून पुढील गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा. चुकीचा आकडा लगेच आधीच्या पट्टीतला होता, की त्याच्याही आधीच्या एखाद्या पट्टीतला? दुसऱ्या काउंटरवरच्या संगणकावर भरलेला आकडा या संगणकावर आला का? चूक फक्त रिकाम्या ठेवलेल्या रकान्यात होते, की भरलेल्या रकान्यातही? कपातींची यादी दर पट्टीला लांबत जाते का? तारीख कालची छापली जाते का?

या उत्तरांतून जागेचा अंदाज येऊ लागतो. एका संगणकावरचा आकडा दुसऱ्या संगणकावर दिसला असेल, तर दोष ब्राउझरमध्ये असण्याची शक्यता जवळजवळ संपते आणि संशय सर्व्हरकडे वळतो. यादी लांबत जात असेल, तर एखादी यादी एकदाच तयार होऊन सर्व रिक्वेस्ट तिच्यातच भर घालत आहेत, असे समजावे. तारीख जुनी राहत असेल, तर ती स्क्रिप्ट सुरू होताना एकदाच वाचली गेली आहे. एक प्रश्न विसरू नये, तो म्हणजे लाईट जाऊन आल्यावर काय होते? आपल्याकडे अनेक दुकानांत एक साधा संगणकच सर्व्हरचे काम करतो. लाईट गेल्यावर तो बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि त्यानंतर काही वेळ चूक दिसली नाही, तर मूल्य डिस्कवर नसून प्रोसेसच्या मेमरीत होते, याचा तो चांगला पुरावा आहे.

रिक्वेस्ट संपल्यावर स्क्रिप्टचे काय होते, ते जाणून घ्या

एचटीटीपी या नियमावलीत प्रत्येक रिक्वेस्ट स्वतंत्र मानली जाते आणि सर्व्हरने आधीची रिक्वेस्ट लक्षात ठेवावी, अशी तिची अपेक्षा नाही. मात्र ही गोष्ट फक्त नियमावलीला लागू आहे. आपली स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम आधीचे विसरतो की नाही, हे तो कोणत्या पद्धतीने चालवला जातो यावर अवलंबून असते.

१९९३ मध्ये रूढ झालेल्या सीजीआय पद्धतीत सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टसाठी नवी प्रोसेस सुरू करतो आणि उत्तर दिल्यावर ती संपते. प्रोसेस संपली की तिची मेमरीही जाते, त्यामुळे व्हेरिएबलमध्ये काहीही उरत नाही. या पद्धतीत कोड थोडा निष्काळजीपणे लिहिलेला असला तरी चालून जाई. पण दर वेळी नवी प्रोसेस सुरू करणे यंत्राला जड जाते, म्हणून फास्टसीजीआय आणि मॉड पर्ल यांसारख्या पद्धती आल्या. १९९६ मध्ये आलेल्या मॉड पर्लने पर्लचा दुभाषी प्रोग्रामच (इंटरप्रिटर) अपाची सर्व्हरच्या आत बसवला, त्यामुळे स्क्रिप्ट एकदा मेमरीत आली की पुढील अनेक रिक्वेस्टसाठी तीच प्रत वापरली जाऊ लागली. आज पायथनमध्ये फ्लास्क किंवा जँगो हे फ्रेमवर्क वापरून लिहिलेली आणि गुनिकॉर्नसारख्या सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट याच प्रकारची असते. नोड जेएस आणि जावा सर्व्हलेट यांतही प्रोसेस दीर्घकाळ जिवंत राहते.

पीएचपीची रीत वेगळी आहे. मॉड पीएचपी असो वा पीएचपी एफपीएम, प्रोसेस जिवंत राहिली तरी रिक्वेस्टच्या अखेरीस पीएचपी स्वतःहून सर्व साधी, ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल टाकून देते. म्हणूनच पीएचपीवर शिकून पायथन किंवा नोडकडे वळलेल्यांना हा दोष विशेष गाठतो, कारण तेथे लागलेल्या सवयी इथे अपुऱ्या पडतात. पीएचपीतही स्वूल, रोडरनर किंवा लाराव्हेल ऑक्टेन वापरत असाल, तर प्रोसेस व्हेरिएबल सांभाळून ठेवते हे ध्यानात असू द्यावे.

मोंढ्यातला काटा प्रत्येक पोते उतरल्यावर शून्यावर आला की नाही, हे पाहूनच तोलारी पुढचे पोते ठेवतो. दीर्घकाळ जगणाऱ्या प्रोसेसमध्ये ते पाहणे कोड लिहिणाऱ्याकडे येते.

दुसरी पायरी: ब्राउझरला संशयातून मुक्त करा

सर्व्हरच्या कोडला हात लावण्यापूर्वी चुकीचे मूल्य ब्राउझरच पाठवत नाही ना, हे पाहावे. ब्राउझर पूर्वी भरलेली मूल्ये रकान्यांत आपोआप भरतात. फायरफॉक्स तर पान साधे रिफ्रेश केल्यावरही रकान्यांतील मजकूर जपून ठेवतो आणि मागे जाण्याचे बटण दाबल्यावर पूर्ण पानच आधीच्या अवस्थेत परत येऊ शकते. घाईत काम करणाऱ्या मुनीमाच्या नजरेतून असा रकाना सहज सुटतो.

यावर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे ब्राउझर पूर्णपणे वगळून रिक्वेस्ट पाठवणे. त्यासाठी कर्ल हा आज्ञावलीवर चालणारा प्रोग्राम वापरावा. तो लिनक्सवर सहज मिळतो आणि विंडोज १० च्या २०१८ पासूनच्या आवृत्त्यांत आधीपासून असतो. कर्लला वेगळे सांगितल्याशिवाय तो कुकी (वापरकर्ता ओळखण्यासाठी सर्व्हरने दिलेली खूण) जपत नाही आणि रकानेही आपोआप भरत नाही, त्यामुळे आपण लिहिले तेवढेच सर्व्हरकडे जाते. कर्लने उचल न पाठवताही उत्तरात ५,००० रुपये आले, तर ब्राउझर आणि त्याच्या कुकीवर चालणारा सेशन हे दोन्ही एकाच चाचणीत निर्दोष ठरले. चूक फक्त ब्राउझरमधून येत असेल, तर खाजगी खिडकीत तोच फॉर्म भरून पाहावा. तिथेही ती दिसली नाही, तर दोष रकान्यांत आपोआप भरणाऱ्या मूल्यांत, ब्राउझरच्या कॅशमध्ये किंवा सेशनमध्ये आहे.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये पाने साठवून देणारा एखादा प्रॉक्सी किंवा सीडीएन असेल, तर तो जुने पानच परत देत असू शकतो. उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीत) ‘एज’ म्हणजे ‘वय’ या नावाची नोंद असेल, तर ते उत्तर कॅशमधून आले आणि तेथे किती सेकंद जुने झाले होते, हे कळते. पट्टीसारख्या व्यक्तिगत पानासाठी ‘कॅश-कंट्रोल’ या हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ असे लिहावे. येथे ‘नो-कॅश’ लिहून भागत नाही, कारण त्याचा अर्थ साठवू नका असा नसून, साठवा पण वापरण्यापूर्वी सर्व्हरला विचारा, असा आहे.

तिसरी पायरी: एकच वर्कर ठेवून दोन रिक्वेस्टची चाचणी घ्या

संपूर्ण तपासणीतील सर्वाधिक उपयोगी पायरी हीच आहे, म्हणून तिला पुरेसा वेळ द्यावा.

प्रत्यक्ष वापरात सर्व्हर सहसा एका वेळी अनेक वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस, चालवतो. गुनिकॉर्नचे मार्गदर्शन पाळले, म्हणजे कोअरची संख्या दुप्पट करून त्यात एक मिळवला, तर दोन कोअरच्या यंत्रावर पाच वर्कर होतात. या पाचही प्रोसेसची मेमरी वेगवेगळी असते. पहिल्या शेतकऱ्याची रिक्वेस्ट एका वर्करकडे गेली आणि दुसऱ्याची दुसऱ्याच वर्करकडे, तर पट्टी बरोबर येते. दोन्ही योगायोगाने त्याच वर्करकडे गेल्या, तर चूक उघड होते. दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. ज्याला आपण लहरी वागणे समजतो, ते प्रत्येक वर्करच्या पातळीवर पूर्णपणे नियमित असते.

म्हणून चाचणीसाठी वर्करची संख्या एकवर आणावी. गुनिकॉर्नमध्ये वर्कर्स हा पर्याय १ ठेवावा. अपाचीवर मॉड पर्ल असेल, तर सर्व्हर ‘एक्स’ या मोठ्या अक्षराच्या पर्यायासह सुरू करावा, म्हणजे तो एकाच प्रोसेसमध्ये चालतो. त्याचबरोबर कोड बदलला की सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय बंद करावी. जँगोच्या विकासासाठीच्या सर्व्हरमध्ये ही सोय सामान्यतः चालू असते आणि फ्लास्कमध्ये डीबगचा पर्याय दिल्यावर चालू होते. फाईल जतन करताच प्रोसेस नव्याने सुरू होते आणि पुरावा पुसला जातो. स्वतःच्या यंत्रावर दोष न दिसण्याचे हेही एक मोठे कारण आहे, कारण शिकणारा माणूस दर दोन मिनिटांनी फाईल जतन करत असतो.

आता सर्व्हर नव्याने सुरू करून पहिल्या रिक्वेस्टमध्ये प्रत्येक रकान्यात सहज ओळखू येईल असे, पण इतरत्र येण्याची शक्यता नसलेले मूल्य भरावे, उदाहरणार्थ उचल ७,७७१ आणि हमाली ८,८८२. दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये फक्त नाव, वजन आणि दर पाठवावेत आणि बाकी सर्व रिकामे ठेवावे. दुसऱ्या उत्तरात यांपैकी एखादा आकडा सापडला, तर मूल्य सर्व्हरने धरून ठेवले, हे सिद्ध झाले आणि कोणते व्हेरिएबल तपासायचे, तेही कळले. मग सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि केवळ दुसरी रिक्वेस्ट पाठवावी. आता आकडा नाहीसा झाला, तर तो प्रोसेसच्या मेमरीत किंवा तिने उघडून ठेवलेल्या डेटाबेस जोडणीत होता. तरीही दिसला, तर तो फाईल, डेटाबेसचे कोष्टक किंवा रेडिससारख्या बाहेरच्या साठ्यात आहे आणि शोध तिकडे न्यावा.

दुकान चालू असताना सर्व्हर असा थांबवता येत नसेल, तर लॉगमध्ये दोन गोष्टी लिहाव्यात, एक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक आणि दुसरी म्हणजे फॉर्ममधून आलेले व प्रत्यक्ष हिशेबात वापरलेले मूल्य शेजारी शेजारी. मग नोंदी काहीशा अशा दिसतील:

१०:४२:०७ | प्रोसेस ३११८ | आलेली उचल: ५००० | हिशेबातील उचल: ५०००
१०:४२:३१ | प्रोसेस ३१२१ | आलेली उचल: रिकामी | हिशेबातील उचल: ०
१०:४२:५५ | प्रोसेस ३११८ | आलेली उचल: रिकामी | हिशेबातील उचल: ५०००

तिसऱ्या ओळीत चूक आहे आणि तिचा प्रोसेस क्रमांक पहिल्या ओळीचाच आहे. इतका स्पष्ट पुरावा हाती आल्यावर तर्क करण्याची गरज उरत नाही. लॉगमध्ये शेतकऱ्याचे नाव, आधार क्रमांक किंवा बँक खाते मात्र लिहू नये. तपासणीसाठी आकडे आणि पट्टीचा क्रमांक पुरतो.

चौथी पायरी: कोडमधील नेहमीच्या जागा पाहा

सर्वांत आधी फाईलच्या वरच्या भागात, कोणत्याही फंक्शनच्या बाहेर लिहिलेली व्हेरिएबल पाहावीत. पायथनमध्ये ती मॉड्यूल लोड होताना एकदाच तयार होतात आणि प्रोसेस संपेपर्यंत राहतात. आपल्या उदाहरणात बहुधा असे झालेले असते: फाईलच्या माथ्यावर ‘उचल’ शून्य ठेवली आहे आणि फंक्शनमध्ये ‘ग्लोबल’ हा शब्द वापरून, रकाना भरलेला असेल तरच तिच्यात नवे मूल्य घातले आहे. रकाना रिकामा असेल, तर तिला कोणी हातच लावत नाही आणि जुने मूल्य तसेच हिशेबात जाते. म्हणून संपूर्ण प्रकल्पात ‘ग्लोबल’ हा शब्द शोधणे, ही चांगली सुरुवात आहे. परंतु तेवढ्यावर थांबू नये. माथ्यावरच्या यादीत किंवा शब्दकोश प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये भर घालण्यासाठी पायथनला ‘ग्लोबल’ लिहावे लागत नाही, त्यामुळे अशा जागा त्या शोधातून निसटतात.

दुसरी जागा फंक्शनच्या पॅरामीटरचे आधीच ठरवलेले मूल्य ही होय. ‘कपाती’ नावाच्या पॅरामीटरला आधीचे मूल्य म्हणून रिकामी यादी दिली, तर ती यादी फंक्शन प्रत्येक वेळी बोलावल्यावर नव्याने तयार होत नाही. फंक्शनची व्याख्या वाचली जाते, तेव्हाच ती एकदा तयार होते आणि पुढे सर्वांना तीच मिळते. पहिल्या पट्टीत हमाली तिच्यात गेली, दुसऱ्या पट्टीत दुसऱ्याची हमालीही गेली आणि दुपारपर्यंत दहाबारा जणांच्या कपाती एकाच्या नावावर चढल्या, असे होते. यावरचा उपाय ठरलेला आहे. आधीचे मूल्य ‘नन’ (None, म्हणजे काहीच नाही) ठेवावे आणि फंक्शनच्या आत, ते ‘नन’ असेल तर नवी रिकामी यादी तयार करावी. आजची तारीख पॅरामीटरचे आधीचे मूल्य म्हणून दिली, तरी हेच घडते आणि सर्व्हर सोमवारी सुरू केला असेल, तर गुरुवारच्या पट्टीवरही सोमवारचीच तारीख येते. जँगोच्या मॉडेलमध्ये आधीच्या मूल्यासाठी वेळ देणाऱ्या फंक्शनचे फक्त नाव द्यावे, त्यापुढे कंस लावू नयेत. कंस लावले की फंक्शन तेव्हाच चालते आणि तेव्हाची वेळ कायमची चिकटते.

क्लासच्या पातळीवर लिहिलेली यादी त्या क्लासच्या सर्व वस्तूंमध्ये सामाईक असते. जी गोष्ट प्रत्येक पट्टीची स्वतःची आहे, ती वस्तू तयार करणाऱ्या फंक्शनमध्येच तयार करावी.

नोड जेएसमध्ये मॉड्यूल एकदाच लोड होऊन जपले जाते, म्हणून माथ्यावरच्या व्हेरिएबलची गोष्ट तीच आहे. तेथे आणखी एक फसवी जागा आहे. नमुना तपासणाऱ्या रेगेक्सला ‘जी’ हा ध्वज लावून ती माथ्यावर ठेवली आणि ‘टेस्ट’ने रकाना तपासला, तर ती मागील जुळणी कोठे संपली, ते लक्षात ठेवते आणि पुढचा शोध तेथून सुरू करते. परिणामी लातूरचा पिनकोड एका रिक्वेस्टमध्ये योग्य ठरतो, पुढच्या रिक्वेस्टमध्ये तोच पिनकोड अयोग्य ठरतो आणि त्यापुढच्या रिक्वेस्टमध्ये पुन्हा योग्य ठरतो. एक आड एक चूक दिसली, तर सर्वप्रथम हा ध्वज पाहावा. अशा तपासणीत त्याची गरज नसते, तो काढून टाकावा.

पर्लच्या जुन्या स्क्रिप्ट अजून अनेक ठिकाणी चालू आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. मॉड पर्लच्या रजिस्ट्री पद्धतीत आपली संपूर्ण स्क्रिप्ट एका अदृश्य फंक्शनच्या आत गुंडाळली जाते. त्यामुळे आपण लिहिलेली नावाची फंक्शने प्रत्यक्षात आतली फंक्शने होतात आणि बाहेर ‘माय’ने घोषित केलेल्या व्हेरिएबलची जी प्रत पहिल्या रिक्वेस्टच्या वेळी होती, तीच कायमची पकडून ठेवतात. पुढच्या रिक्वेस्टमध्ये बाहेरच्या व्हेरिएबलला नवे मूल्य मिळते, पण आतले फंक्शन जुनीच प्रत वाचत राहते. पर्लच्या इशाऱ्यांची सोय चालू असेल, तर ‘हे व्हेरिएबल सामाईक राहणार नाही’ अशा अर्थाचा इशारा त्रुटींच्या लॉगमध्ये आधीच आलेला असतो. तो दुर्लक्षित करू नये. खरा उपाय म्हणजे फंक्शनला लागणारे प्रत्येक मूल्य त्याला पॅरामीटर म्हणून देणे, किंवा फंक्शने वेगळ्या मॉड्यूल फाईलमध्ये हलवणे.

डेटाबेसच्या जोडणीकडे नवखे सहसा पाहतच नाहीत. जोडणी दर वेळी नव्याने उघडण्याऐवजी जपून ठेवली जाते आणि ती जपली की तिच्यातील काही गोष्टीही जपल्या जातात. मायएसक्यूएलमध्ये तात्पुरती कोष्टके, ‘ॲट’ या चिन्हाने सुरू होणारी व्हेरिएबल आणि अर्धवट राहिलेला व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पूर्ण किंवा रद्द होणारा आज्ञांचा गट) ही त्यांतली प्रमुख. जोडणीशी संबंधित आणखी एक दोष नेमका उलट दिसतो. भाव बदलून झाला, डेटाबेसमध्ये नवा भाव दिसतो, पण स्क्रिप्ट जुनाच दाखवते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनात, मूळ सेटिंग न बदलल्यास, व्यवहारातील पहिले साधे वाचन झाले, की त्या क्षणाचे चित्र व्यवहार संपेपर्यंत कायम धरले जाते. पायथनच्या प्रचलित जोडणी मॉड्यूलमध्ये प्रत्येक वाचनही व्यवहारात मोडते, त्यामुळे रिक्वेस्टच्या शेवटी ‘कमिट’ (व्यवहार पक्का) किंवा ‘रोलबॅक’ (व्यवहार रद्द) न केल्यास तीच जोडणी सकाळचा भाव संध्याकाळपर्यंत देत राहते. म्हणून रिक्वेस्ट यशस्वी होवो वा न होवो, तिच्या अखेरीस व्यवहार संपवलाच पाहिजे.

जोडणीत उरलेल्या गोष्टीने किती नुकसान होऊ शकते, याचे एक जाहीर उदाहरण आहे. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. ओपनएआयने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार रेडिसशी जोडणाऱ्या पायथन लायब्ररीतील दोषामुळे, मध्येच रद्द झालेल्या रिक्वेस्टचे उत्तर जोडणीत पडून राहत होते आणि तीच जोडणी पुढे वापरणाऱ्या रिक्वेस्टला ते मिळत होते. आपल्या पट्टीतील उचल आणि ही घटना यांचे मूळ एकाच प्रकारचे आहे.

सेशनबाबत थोडक्यात एवढेच. सेशन मूल्य जपण्यासाठीच असतो, म्हणून एका पट्टीपुरते मूल्य त्यात ठेवूच नये. पीएचपीत निष्क्रिय सेशन १,४४० सेकंदांनंतर काढण्यास पात्र होतो, पण तो त्याच क्षणी निघेल असे नाही, म्हणून त्या मुदतीवर हिशेब अवलंबून ठेवू नये.

पाचवी पायरी: दुरुस्ती अशी करा

अनेक जण पहिला उपाय म्हणून फंक्शनच्या सुरुवातीला सर्व ग्लोबल व्हेरिएबल शून्य करतात. एकच वर्कर असेल आणि तो एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळत असेल, तर हा उपाय वरवर चालतो. परंतु सर्व्हरवर थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे कामाचे धागे असतील, तर एकाच प्रोसेसमध्ये दोन रिक्वेस्ट एकाच वेळी चालू असतात. पहिलीने उचल लिहिल्यावर आणि हिशेब पूर्ण होण्यापूर्वी दुसरी रिक्वेस्ट तिला शून्य करते, आणि मग पहिल्या शेतकऱ्याची उचल वजाच होत नाही. नोडमध्ये आपला कोड सहसा एकाच थ्रेडवर चालत असला, तरी ‘अवेट’च्या जागी फंक्शन थांबते आणि तेवढ्यात दुसरी रिक्वेस्ट पुढे सरकते, त्यामुळे तेथेही हाच धोका आहे. अशी चूक पूर्वीच्या चुकीपेक्षा दुर्मीळ आणि म्हणून पकडायला अधिक कठीण असते.

योग्य मार्ग असा आहे की एका रिक्वेस्टचे मूल्य फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्येच जन्मावे, पुढच्या फंक्शनला पॅरामीटर म्हणून जावे आणि उत्तराबरोबर संपावे. रकाना रिकामा आल्यास काय धरायचे, ते प्रत्येक रकान्यासाठी स्पष्ट लिहावे. उचल रिकामी असेल तर शून्य. दर रिकामा असेल तर मात्र शून्य न धरता फॉर्म परत करावा आणि मुनीमाला दर भरायला सांगावे. अनेक फंक्शनांना एकच मूल्य लागत असेल आणि पॅरामीटरची रांग लांबत असेल, तर फ्रेमवर्कने रिक्वेस्टपुरती दिलेली जागा वापरावी. फ्लास्कमध्ये ती ‘जी’ या नावाने मिळते, जँगोमध्ये रिक्वेस्टच्या वस्तूवरच मूल्य ठेवता येते आणि नोडमध्ये असिंक लोकल स्टोरेज आहे. थ्रेडपुरती जागा म्हणजे रिक्वेस्टपुरती जागा, असे समजू नये. तोच थ्रेड पुढची रिक्वेस्ट हाताळतो आणि आधीचे मूल्य त्याच्यात तसेच असते.

गुनिकॉर्नमध्ये ठरावीक रिक्वेस्टनंतर वर्कर नवा करण्याची सोय आहे. तिची मर्यादा १ ठेवली, तर हा दोष नाहीसा झाल्यासारखा दिसतो आणि निदान पक्के करण्यासाठी ही युक्ती चांगली आहे. ती कायम ठेवू नये. सर्व्हर मंद होतो आणि कोडमधली चूक तशीच राहते.

सर्वच माथ्यावरची व्हेरिएबल वाईट असतात, असे मात्र मुळीच नाही. डेटाबेस जोडण्यांचा साठा, तयार केलेले टेम्प्लेट, दुकानाचे नाव आणि परवाना क्रमांक यांसारखी मूल्ये सर्व रिक्वेस्टसाठी सारखीच असतात आणि ती एकदाच तयार करण्यातच दीर्घजीवी प्रोसेसचा फायदा आहे. कोणत्याही व्हेरिएबलसमोर एकच प्रश्न ठेवावा: हे मूल्य समोरच्या माणसानुसार बदलते का? बदलत असेल, तर त्याची जागा माथ्यावर नाही. वेळेनुसार बदलत असेल, जसे दिवसाचे भाव, तर ते जपताना केव्हा वाचले ती वेळही जपावी आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा वाचावे.

सहावी पायरी: चाचणी लिहा आणि जुन्या पट्ट्या तपासा

बहुतेक शिकणारे एका चाचणीत एकच रिक्वेस्ट पाठवतात आणि ती पूर्ण झाली की नव्याने सुरुवात करतात. अशा शंभर चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तरी हा दोष त्यांत कधीच सापडणार नाही. म्हणून एकाच चाचणीत, एकाच चालू ॲप्लिकेशनला, लागोपाठ दोन रिक्वेस्ट पाठवाव्यात, आधी सर्व रकाने भरलेली आणि नंतर शक्य तितके रिकामे ठेवलेली. दुसऱ्या उत्तरात पहिलीतील एकही खुणेचा आकडा नाही, हे तपासावे. मग क्रम उलटा करून पाहावे. फ्लास्क आणि जँगो या दोन्हींत त्यासाठी चाचणीचा क्लायंट तयार मिळतो. सर्व्हरवर थ्रेड असतील, तर दोन्ही रिक्वेस्ट एकाच वेळी पाठवणारी चाचणीही जोडावी आणि हिशेबाच्या मध्ये मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा विराम घालावा, म्हणजे दोघींची गाठ नक्की पडते.

कोड दुरुस्त झाला, तरी आधी छापल्या गेलेल्या पट्ट्या चुकीच्याच आहेत आणि ज्यांच्या पैशांतून नको ती कपात झाली, त्या शेतकऱ्यांना ते कदाचित ठाऊकही नाही. म्हणून दोष कोणत्या तारखेपासून असू शकतो, ते कोडच्या इतिहासातून काढावे आणि तेव्हापासूनच्या सर्व पट्ट्या पुन्हा तपासाव्यात. उचलीची स्वतंत्र नोंदवही किंवा खतावणी दुकानात असतेच. पट्टीवरील प्रत्येक कपातीसमोर त्या वहीत त्याच नावाची, त्याच रकमेची नोंद आहे का, हे पाहावे. लागोपाठच्या दोन पट्ट्यांवर अगदी सारखी उचल दिसली, तर ती जोडी वेगळी काढावी, कारण दोन माणसांनी नेमकी तेवढीच रक्कम घेतलेली असणे शक्य असले, तरी या दोषाची खूणही तीच आहे. अनेक वर्कर असल्यास चुकीचा आकडा चारपाच पट्ट्या सोडूनही आलेला असू शकतो, म्हणून केवळ शेजारच्या जोड्यांवर विसंबू नये. सापडलेल्या पट्ट्यांची यादी क्रमांक, छापलेली रक्कम, योग्य रक्कम आणि फरक अशा चार रकान्यांत तयार करून दुकानदाराच्या हाती द्यावी आणि फरकाची रक्कम दिल्याची सही त्याच यादीवर घ्यावी.